पोटासाठी आलात, तरी सुरुवात पायांपासूनच

"मला फक्त पोट कमी करायचंय, मग पाय कशाला?" नव्या बॅचचा हा पहिला प्रश्न. हल्ली त्याला जोडून दुसराही येतो, "पांढरी चरबी तपकिरी करणारा व्यायाम तुमच्याकडे आहे का?" दोन्ही उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. काउंटरवर रोज समजावताना ट्रेनरचा अर्धा वॉर्मअप बुडतो, म्हणून हा कागद.

पांढरी चरबी म्हणजे कोठार. तिच्या पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब, बाकी सगळं कडेला रेटलेलं. तपकिरी पेशीत बारीक बारीक थेंब आणि खच्चून मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्ट्या. त्यांतल्या लोहामुळे तो रंग. यूसीपी-1 नावाचं प्रथिन तिथे इंधनाची थेट उष्णता करून टाकतं. मोठ्या माणसांच्या मानेत आणि गळ्याच्या हाडाच्या वर अशी चरबी काम करत असते, हे 2009 मध्ये पक्कं झालं. इशारा मिळाला तर पांढऱ्या चरबीतही तशा पेशी उगवतात. त्यांना बेज म्हणतात.

थंडीने हा इशारा मिळतो, हे जुनंच. स्नायूही तो देतो, असं हार्वर्डमधल्या ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने 2012 मध्ये उंदरांवर दाखवलं. राबणाऱ्या स्नायूतल्या एका प्रथिनाचा तुकडा सुटून रक्तात उतरतो आणि चरबीपर्यंत पोचतो. निरोप नेणाऱ्या आयरिस या ग्रीक देवतेवरून त्याला आयरिसिन म्हणतात. पुढे मोजणीच्या किटवरूनच मोठा वाद झाला. 2015 मध्ये मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणू वजनावरून ओळखायच्या तंत्राने, ते माणसाच्या रक्तात सापडलं, पण मिलिलिटरमागे जेमतेम 3-4 नॅनोग्रॅम. म्हणून कुणी आयरिसिनचा रिपोर्ट आणला तर आम्ही बघतो, परत देतो. त्यावरून वेळापत्रक बदलत नाही. शिवाय उंदरांत दिसला तसा रंगबदल माणसांत व्यायामाने ठळकपणे दिसलेला नाही. 'तपकिरी चरबी स्पेशल बॅच' असा बोर्ड आमच्या दारावर नाही, तो याचमुळे. लावला असता तर चार प्रवेश जास्त झाले असते, हेही खरं.

आता मुद्द्याची चूक. निरोप रक्तातून जातो, शेजारच्या शेजारी नाही. पोटाचा स्नायू आकसला म्हणून त्याच्यावरच्या चरबीचाच थर वितळेल, असं होत नाही. तरीही लोक पायांच्या दिवशी दांडी मारतात आणि दुसऱ्या दिवशी रबरी पट्टा आवळून दोनशे क्रंचेस काढतात. पट्टा सोडला की कातडीवर लाल वळ आणि बनियन पिळावं इतका घाम. काटा थोडा खाली दिसतो, खुशी होते. दोन पेले पाणी प्यायलं की काटा जागेवर. असे दोन-दोन महिने गेलेले लोक आम्ही पाहिले आहेत, आणि मग "तुमच्या जिमने फरक पडला नाही" हेही आम्हीच ऐकलं आहे.

चरबीकडे जाणारा दुसरा निरोप म्हणजे इंटरल्युकिन-6, हेही राबणाऱ्या स्नायूतून सुटणारं प्रथिनच. व्यायाम करताना रक्तात तो किती चढतो, हे किती मोठा स्नायू किती वेळ आणि किती जोरात राबला यावर ठरतं. शरीरातले सगळ्यांत मोठे स्नायू मांड्यांत आणि नितंबांत आहेत. पोटाचे त्यांच्यापुढे किरकोळ. डेन्मार्कमध्ये 12 आठवडे सायकल चालवायला लावून हे तपासलं. व्यायाम करणाऱ्यांची पोटाच्या आतली चरबी घटली. पण ज्यांना या निरोपाची वाट अडवणारं औषध दिलं होतं, त्यांची घटली नाही. तेव्हा रंग बदलो न बदलो, स्नायू बोलतो आणि चरबी ऐकते एवढं नक्की.

म्हणून आमची पहिली तिन्ही सत्रं सायकल, स्क्वॉट आणि चढाची ट्रेडमिल यांचीच असतात. क्रंचेस आम्ही बंद केलेले नाहीत, शेवटी ठेवले आहेत. कंबर सांभाळायला ते हवेतच. गुडघा दुखत असेल तर दांडी न मारता आधी सांगा, खुर्चीवरचा प्रकार बसवून देऊ.

पट्टा घरी ठेवा. पायांचा दिवस चुकला तर त्याच आठवड्यात कुठल्याही बॅचला या, जादा पैसे नाहीत. पोटाचा घेर दर चार आठवड्यांनी आमच्याच टेपने, श्वास सोडून, सकाळी मोजला जाईल. मधल्या काळात कृपया काउंटरवर टेप मागू नये.