अंथरुणातून भिंतीवर

जुनेराला कलेचा मान मिळाला तो फार उशिरा, कापड पलंगावरून उठून भिंतीवर गेलं तेव्हा. ठिगळं जोडणं त्याच्या कितीतरी आधीचं, पण ते गरजेपोटी. उत्तर जपानच्या थंडीत कापूस पिकत नसे. तिथली शेतकरी कुटुंबं निळीच्या चिंध्यांवर चिंध्या चढवत राहत, आणि कपडा एका पिढीकडून दुसरीकडे जाई. त्याला म्हणतात ‘बोरो’, म्हणजे फाटकंतुटकं. बंगालच्या कांथा या गोधडीत जुन्या साड्या-धोतरांचे थर असत. नक्षीचा दोराही साडीच्याच काठातून उसवलेला.

१९५५ मध्ये अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने गोधडी, चादर आणि उशी लाकडावर ताणली, वर रंग ओतला, आणि ‘बेड’ उभं टांगलं. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या भिंतींवर लावल्या. वाहवा झाली ती रंगांची आणि रचनेची. शिवणारीचा हात बाजूलाच राहिला, म्हणून मला तो मान उसनाच वाटतो. त्याच दशकात चित्रकार मिरियम शापिरोने रुमाल, एप्रन, लेसचे तुकडे थेट कॅनव्हासवर चिकटवले आणि या घरकामालाच कलेची परंपरा म्हटलं.

वापरलेल्या कापडाचं खरं बळ वेगळंच आहे: त्यात माणूस उरलेला असतो. अलाबामातल्या जीज बेंड वस्तीत मिझुरी पेटवेने १९४२ मध्ये दिवंगत नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. घामाने, उन्हाने विटलेले निळे-करडे तुकडे, त्यांत कुठे झिजलेला गुडघा, कुठे काढलेल्या खिशाखालचा गडद चौकोन. असा चौकोन नव्या कापडात कुठून आणणार? तिला तो पांघरायचा होता, टांगायचा नव्हता. चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर बेपत्ता झालेल्यांच्या आया-बायकांनी गोणपाटावर कापडी चित्रं शिवली, ‘आर्पियेरा’. काहींत हरवलेल्या माणसाच्याच सदऱ्याचा तुकडा असे. ही चित्रं गुपचूप देशाबाहेर गेली आणि आतली बातमी बाहेर पोहोचवू लागली.

शिल्पकार लुईझ बुर्ज्वाने तर ऐंशी उलटल्यावर आपली जुनी कपाटं उपसली. २००२ च्या तिच्या कापडी पुस्तकाची पानं म्हणजे लग्नात मिळालेले लिननचे हात पुसायचे टॉवेल, आणि त्यांवरची चित्रं तिच्याच जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची. टॉवेलांवर भरलेली तिच्या नावाची आद्याक्षरं तिने तशीच राहू दिली.