ट्रिब्यूट बँड की कव्हर बँड? तिकीट काढण्याआधी

लोअर परळच्या नाहीतर खारच्या एखाद्या पबची जाहिरात मोबाइलवर येऊन पडते. ‘डायर स्ट्रेट्स ट्रिब्यूट, शनिवारी रात्री नऊ’. खाली गिटारवाल्याची काळी आकृती, कपाळाला पट्टी. डायर स्ट्रेट्सचा गायक-गिटारिस्ट मार्क नॉफ्लर, त्याचा भक्त लगेच ग्रुपवर टाकतो, चार जण तयार होतात, कुणी डोंबिवलीहून येतो. आणि तिसऱ्याच गाण्याला स्टेजवरून ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ सुरू होतं, जे ईगल्स या दुसऱ्याच बँडचं.

बँडने कुणाला फसवलेलं नसतं. तो कव्हर बँड होता आणि कव्हर बँडचं काम त्याने नीट केलं. घोळ जाहिरात लिहिणाऱ्याचा. आपल्याकडे कुणाचीही चार गाणी वाजली की त्याला ‘ट्रिब्यूट’ म्हणून मोकळे होतात.

कव्हर बँड दुसऱ्यांची गाणी वाजवतो, कुणाचीही. त्याची बांधिलकी समोरच्या गर्दीशी. गर्दी सुस्तावली की पुढचं गाणं बदलायचं, कुणी चिठ्ठी पाठवली की फर्माईश घ्यायची, वाढदिवस असेल तर तोही साजरा करायचा. गाणं आपल्या गायकाला झेपेल त्या पट्टीत घ्यायचं, सॅक्सोफोन नसेल तर ती ओळ कीबोर्डवर काढायची. यात कमीपणा काही नाही. उलट चांगला कव्हर बँड ओळखीच्या गाण्याला असं वळण देतो की माणूस ग्लास खाली ठेवून ऐकतो.

आपल्या ओळखीचं उदाहरण घ्यायचं तर कव्हर बँड म्हणजे गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा आणि ट्रिब्यूट बँड म्हणजे दीनानाथला रंगणारी फक्त किशोरकुमारची संध्याकाळ. पण ही तुलना अर्ध्यापर्यंतच पुरते. एखादा कव्हर बँड अख्खी रात्र डायर स्ट्रेट्स वाजवूनही कव्हर बँडच राहू शकतो. एकाच कलाकाराची गाणी आहेत का, यावर ते ठरत नाही. बदल केला तर तो गुण धरला जातो की चूक, यावर ठरतं: कव्हर बँडमध्ये गुण, ट्रिब्यूटमध्ये चूक, कारण तिथे मूळ कलाकारासारखं हुबेहूब वाजवायचं असतं.

‘सुलतान्स ऑफ स्विंग’ घ्या, 1978 च्या पहिल्या अल्बममधलं. मुंबईतला जवळपास प्रत्येक रॉक गिटारिस्ट ते कधी ना कधी वाजवतो आणि बहुतेक जण पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, घेऊन वाजवतात. नॉफ्लर पिक वापरत नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, बस. बोटाने तार वर ओढून सोडली की ती आपटते आणि सुराच्या तोंडाशी एक ‘टक’ येतो. त्या गाण्याचा अर्धा स्वभाव त्या ‘टक’मध्ये आहे. पिकने सूर तेच लागतात, सोलोही कदाचित जास्त सफाईदार येतो, पण गाणं गुळगुळीत होतं. कव्हर बँडला हे चालतं. ट्रिब्यूट बँडचा गिटारिस्ट पिक घेऊन उभा राहिला तर पहिल्या रांगेतले कुजबुजायला लागतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.

गिटारही एक पुरत नाही. ‘सुलतान्स’ला स्ट्रॅटोकास्टर, ‘मनी फॉर नथिंग’ला लेस पॉल, ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ला धातूच्या अंगाची नॅशनल, तीही ओपन जी ट्यूनिंगमध्ये (म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजेल अशी लावलेली). गाण्यागाण्याला गिटार बदलणारा दिसला तर समजा, मंडळींनी अभ्यास केलाय. कपाळाची पट्टी बघून काही कळत नाही, ती कुठल्याही रस्त्यावर मिळते.

आता खरी अडचण. हुबेहूब म्हणजे कशासारखं? रेकॉर्डवरचं ‘सुलतान्स’ सहा मिनिटांच्या आत संपतं. 1983 साली लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनला रेकॉर्ड झालेल्या आणि पुढच्या वर्षी ‘अल्केमी’ या अल्बममध्ये आलेल्या मैफलीत तेच गाणं अकरा मिनिटांच्या आसपास जातं, आणि सोलो पार वेगळा. म्हणजे खुद्द नॉफ्लरने स्वतःच्या गाण्याशी जे केलं, ते ट्रिब्यूट बँडला करायची मुभा नाही. त्याला कुठलीतरी एक रात्र निवडून तिच्याशी प्रामाणिक राहावं लागतं. बरेच ट्रिब्यूट बँड ‘अल्केमी’कडे झुकतात ते यामुळेच असावं: तिथे निदान मैफल असल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर सगळ्यात मेहनतीचे ट्रिब्यूट बँड कधीकधी सगळ्यात कंटाळवाणे होतात. त्या रात्री जे जागच्या जागी सुचलं होतं, ते इथे पाठ करून आलेलं असतं.

मग जायचंच कशाला? कारण मूळ माणूस येत नाही. डायर स्ट्रेट्स 1995 मध्ये संपला. नॉफ्लर 2005 मध्ये मुंबईत वाजवून गेला, आणि 2019 च्या दौऱ्यानंतर तो पुन्हा दौऱ्यावर निघालेला नाही. जुना बँड पुन्हा जमवण्यात त्याला रस नाही; 2018 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला, त्या सोहळ्यालाही तो गेला नाही.

यात एक तिसरा प्रकार मधेच घुसतो. ‘डायर स्ट्रेट्स एक्सपीरियन्स’मध्ये क्रिस व्हाइट आहे, जो खऱ्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. ‘डायर स्ट्रेट्स लेगसी’तही जुने वादक आहेत. यांना ट्रिब्यूट म्हणणं अन्यायाचं आणि मूळ बँड म्हणणं खोटं. असे बँड बघताना गायकाकडून फार अपेक्षा ठेवू नये, कान जुन्या वादकाकडे ठेवावा.

मुंबईत मात्र बहुतेक वेळा वाट्याला येते ती ट्रिब्यूट नाइट. शहरातल्या वेगवेगळ्या बँडमधले वादक एका रात्रीपुरते जमतात, थोड्याफार तालमी करतात आणि ज्याच्यावर जीव आहे त्याची गाणी वाजवतात. हे प्रकरण वृत्तीने कव्हरचं, गाण्यांच्या यादीने ट्रिब्यूटचं. चुका होतात, एखादी ओळ विसरली जाते, पण धमाल बहुधा इथेच जास्त. आणि कव्हर वाजवणाऱ्यांना नाक मुरडणाऱ्यांसाठी एवढंच: पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा मुलगा ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवायचा, आणि ती पोरं इतरांचीच गाणी वाजवत. पुढे त्याने फ्रेडी मर्क्युरी हे नाव घेतलं.

परवान्याच्या बाबतीत कव्हर आणि ट्रिब्यूट यांत काही फरक नाही. मूळ गाण्याच्या शब्द-संगीतासाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना लागतो, तो साधारणपणे आयोजक काढतो. मध्यंतरात रेकॉर्डिंग वाजवायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा.

तिकीट काढण्याआधी बँडच्या पेजवरचा एखादा जुना व्हिडिओ बघा, आवाज बंद करून. गिटारिस्टचा उजवा हात दिसला की पुरे. पिक दिसलं तर कव्हर बँड समजून जा, मजा येईल. बोटं दिसली तर लवकर पोचा आणि स्टेजच्या जवळची जागा धरा, मागून ती बोटं दिसत नाहीत.