फीपेक्षा खानावळ मोठी: कॉलेजच्या खर्चामागचा महाराष्ट्राचा इतिहास

बारावीचा निकाल लागला की तहसील कचेरीजवळच्या सेतू केंद्रावर रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेयर, जातवैधतेची पावती. दोन वर्षं सीईटीच्या अभ्यासात बुडालेलं घर त्या आठवड्यात अचानक कागदांच्या मागे धावू लागतं. अर्जावरचं 'कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत' हे वाक्य तिथे कसं येऊन बसलं, हे त्या रांगेत उभ्या असलेल्या आईवडिलांना सहसा कुणी सांगत नाही.

सुरुवात फीपासून होत नाही, जेवणापासून होते. एकोणिसाव्या शतकात खेड्यातून पुण्यात शिकायला आलेला गरीब मुलगा वार लावून जेवायचा, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्याला वारही मिळत नसे तो माधुकरी, म्हणजे दारोदार शिजवलेलं अन्न, मागे. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या थोरल्या भावाला, गोविंदरावांना, महिना १५ रुपये पगार होता आणि त्यातले ८ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवत. ही घरं आणि हे भाऊ नसते तर ती पिढी शिकलीच नसती, हे मान्य करायला हवं. पण वार मिळायचा तो आपल्या जातीच्या घरात. ज्यांची अशी घरं शहरात नव्हती आणि ज्यांना कुणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं, त्यांच्यासाठी कॉलेजचं दार जेवणाच्या प्रश्नावरच बंद होत असे.

राजर्षी शाहू महाराजांनी नेमकी ही गाठ ओळखली. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. कोल्हापुरातच बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केलं. मुलांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. या माणसांचं मोठेपण मला इथे दिसतं, की फी माफ करून ते थांबले नाहीत. मुलगा रात्री कुठे झोपणार आणि सकाळी काय खाणार, हा प्रश्न त्यांनी आपला मानला.

शैक्षणिक कर्ज ही बँकांनी अलीकडे काढलेली कल्पना आहे असं अनेकांना वाटतं, पण जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी स्थापला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचाच होता. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांनी डॉ. आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, बदल्यात संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार होता. पुढे १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि मदत हा राजाच्या मर्जीचा नव्हे, सरकारी योजनेचा भाग बनला.

उत्पन्नाच्या दाखल्याची कथा १९५९ पासूनची. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फीमाफी मिळू लागली. तीच ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची, सवलत. शेतकऱ्याची, शेतमजुराची मुलं हजारोंनी कॉलेजात आली ती या एका निर्णयाने. तेव्हा कॉलेजं सरकारी किंवा अनुदानित होती, फी मुळातच कमी होती, म्हणून ती माफ करणं सरकारला झेपलंही.

१९८३ मध्ये हे गणित बदललं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, कर्नाटकात जाणारी मुलं राज्यात राहिली, पण सगळा खर्च विद्यार्थ्याच्या अंगावर आला आणि 'डोनेशन' हा शब्द घराघरांत शिरला. या डोनेशनवर, म्हणजे कॅपिटेशन फीवर, बंदी घालणारा कायदा १९८७ चा. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कॉलेजांतल्या निम्म्या जागा गुणवत्तेवरच्या, कमी फीच्या म्हणजे 'फ्री' आणि निम्म्या जास्त फीच्या म्हणजे 'पेमेंट' ठरवल्या. नव्वदच्या दशकातल्या पालकांना हे दोन शब्द अजून आठवत असतील. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती पद्धत मोडीत काढली. फ्री जागा बहुधा चांगल्या शाळांतली सुस्थितीतली मुलंच पटकावतात, हे न्यायालयाचं निरीक्षण मला पटतं. त्यानंतर आधी फी ठरवणारी समिती, मग २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आलं. कॉलेजनिहाय फी आज तेच मंजूर करतं.

फी वाढली तसं कर्ज आलं. २००१ मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना निघाली, ४ लाखांपर्यंत तारणाशिवाय. त्याआधी सातबारा गहाण पडायचा नाहीतर सोनं. शिक्षण संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू होतात म्हणून व्याजही तेव्हाच सुरू होतं, असा समज आजही सर्रास आहे. व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, आणि हे कर्जावर सही करण्याआधीच कळायला हवं.

२०१६ मध्ये मराठा मोर्च्यांच्या काळात ईबीसीची मर्यादा एकदम ६ लाखांवर गेली, पुढे ८ लाखांवर. योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिच्यात शिक्षण शुल्क निम्मं मिळतं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. प्रवेश मात्र कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने जागा घेतली की ही सवलत गेली.

यात वसतिगृह आणि जेवण येत नाही. त्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, आणि सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना. पण भत्ता येतो तेव्हा येतो, खानावळीचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात. म्हणून पुण्यात १९५५ पासून खेड्यातल्या मुलांना राहायला जागा देणारी विद्यार्थी सहाय्यक समिती आजही मला तितकीच मोलाची वाटते. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत 'कमवा व शिका' अजून चालू आहे. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासांवर काम करून मिळालेल्या पैशांतून मुलं खानावळीचं बिल भागवतात.