तीन अब्ज अक्षरांचे कप्पे

एखाद्या सजीवाचा जीनोम, म्हणजे त्याच्या पेशीतला सगळा डीएनए, वाचून झाला की वृत्तपत्रांत हटकून 'जनुकीय कुंडली उलगडली' असा मथळा येतो. कुंडली बारा घरांत मावते. माणसाचा जीनोम सुमारे ३ अब्ज अक्षरांचा असतो आणि त्यातून विवाहयोग निघत नाही. ७ जुलै २००० रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील गटाने त्याचा मसुदा इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला, पण ए, सी, जी, टी या डीएनएच्या चार अक्षरांच्या नुसत्या रांगा पाहून काय उमगणार? म्हणून त्याच गटातल्या जिम केंट यांनी जीनोम ब्राउझर घडवला: गुणसूत्र आडवे मांडायचे, जनुके व इतर नोंदी त्याखाली पट्ट्यांत दाखवायच्या आणि नकाशासारखे हवे तेथे जवळ जायचे.

यातली सर्वांत देखणी गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. लाखो नोंदींतून समोरच्या टप्प्यातल्या तेवढ्याच नोंदी क्षणात सापडाव्यात, यासाठी लिंकन स्टाइन व रिचर्ड डर्बिन या जीनोम-संशोधकांनी सुचवलेली युक्ती अशी: गुणसूत्राचे १,३१,०७२ अक्षरांचे, म्हणजे २ च्या सतराव्या घाताइतके, कप्पे पाडायचे, असे आठ मिळून वरच्या पातळीवरचा एक कप्पा, तसल्या आठांचा त्याहून वरचा, आणि पाचव्या पातळीवरच्या एकाच कप्प्यात अख्खे गुणसूत्र मावते. प्रत्येक नोंद ज्या सर्वांत लहान कप्प्यात पूर्ण बसते, तेथे ठेवायची. मग १०,००० अक्षरांचा टप्पा पाहताना पाचही पातळ्या मिळून फार तर नऊ कप्पे उघडावे लागतात; एकट्या पहिल्या गुणसूत्राचे तळाचे कप्पेच सुमारे १,९०० आहेत. घात २ चा असल्याने तळाचा कप्पा शोधायला भागाकारही नको, स्थानाच्या द्विमान संख्येतले शेवटचे सतरा अंक गाळले की झाले. सीमारेषेवर आडवे पडलेले चिमुकले जनुक मात्र उगाचच मोठ्या कप्प्यात जाऊन बसते.

ब्रॉड इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेचे आयजीव्ही हे असेच साधन नमुन्यातून वाचलेले डीएनएचे तुकडे राखाडी पट्ट्यांनी दाखवते आणि तुलनेसाठी ठरवलेल्या संदर्भ जीनोमशी न जुळणारे अक्षर तेवढे रंगवते. नंदुरबार-गडचिरोलीकडे आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकात, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल असलेल्या माणसात, जीआरसीएच३८ या संदर्भ आवृत्तीनुसार, अकराव्या गुणसूत्रावर ५२,२७,००२ या स्थानी साधारण निम्म्या पट्ट्यांवर टीऐवजी हिरवा ए दिसतो. पाठ्यपुस्तकात हाच बदल एच्या जागी टी असा दिलेला असल्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. पडद्यावर डीएनएचा एक धागा मांडलेला असतो आणि हिमोग्लोबिनचे हे जनुक त्याच्या जोडीच्या धाग्यावर असते, त्यामुळे प्रत्येक अक्षराऐवजी त्याचे जोडीदार अक्षर दिसते आणि जनुक उजवीकडून डावीकडे वाचावे लागते.