खंड पडल्यानंतरची पहिली बैठक

सात महिन्यांनी पुन्हा ध्यानाला बसले. डोळे मिटले आणि श्वास मोजू लागले. एक, दोन, तीन. चौथ्या श्वासाला उत्तर द्यायचा राहून गेलेला एक मेसेज आठवला, मग तो पाठवणारी मैत्रीण, मग तिच्याशी तीन वर्षांपूर्वी झालेला वाद. भानावर आले तेव्हा मोजणी कुठे सुटली होती तेही सांगता येईना. पुन्हा एक. दहा मिनिटांत दहाच्या आकड्यापर्यंत एकदाही पोचले नाही. उठताना मनात आलं, सगळं गेलं, आता परत श्रीगणेशा.

ध्यान सुटलेल्या कितीतरी जणांना हेच वाटतं आणि ते पुन्हा बसत नाहीत. म्हणून हे वाटणं कितपत खरं आहे, हे तपासून पाहायला हवं.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करायचा, काही काळ जाऊ द्यायचा आणि मग त्याच याद्या पुन्हा पाठ करायचा. मधल्या काळात यादी विसरलेली असली, तरी दुसऱ्यांदा पाठ करायला कमी वेळ लागायचा. या वाचलेल्या वेळेला त्याने ‘बचत’ म्हटलं. आठवत नाही म्हणजे पुसलं गेलं असं नसतं, हे त्यातून पहिल्यांदा मोजून दिसलं.

ही बचत मेंदूत कशी साठत असेल, याची एक झलक २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांना उंदरांमध्ये दिसली. उंदराचा एक डोळा काही दिवस बंद ठेवला, तेव्हा दृष्टीचं काम पाहणाऱ्या चेतापेशींवर नवे सूक्ष्म काटे उगवले. पेशी एकमेकींशी जोडल्या जातात त्या अशा काट्यांवर. डोळा उघडल्यावर दृष्टीचं काम पूर्ववत झालं, पण नवे काटे बरेचसे तसेच राहिले. पुढे डोळा पुन्हा बंद केला, तेव्हा मेंदूने हा बदल पहिल्यापेक्षा लवकर पचवला आणि त्यासाठी काट्यांची नवी भर पडली नाही. उंदराच्या दृष्टीवरून माणसाच्या ध्यानाबद्दल थेट निष्कर्ष काढू नये, हे खरंच. तरीही वापर थांबला म्हणून रचना लगेच मोडीत निघत नाही, एवढं यातून नक्की कळतं.

इथे एक सावधगिरी. ‘आठ आठवड्यांच्या ध्यानाने मेंदूचा आकार बदलतो’ असं अनेकदा छातीठोकपणे सांगितलं जातं. २०२२ साली दोनशेहून अधिक लोकांच्या मेंदूचं चित्रण तपासणाऱ्या एका अभ्यासात, आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर असा रचनात्मक बदल आढळला नाही. त्यामुळे खंड पडल्याने मेंदू ‘आक्रसला’ असेल ही भीतीही मनातून काढून टाकावी.

मग ध्यानात आपण नेमकं शिकतो तरी काय? २०१२ साली अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातला एक प्रयोग मला इथे फार मोलाचा वाटतो. ध्यानाचा अनुभव असलेल्या चौदा जणांना स्कॅनरमध्ये झोपवून श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. मन भरकटल्याचं लक्षात आलं की बटण दाबायचं आणि श्वासाकडे परतायचं, एवढंच काम. बटण दाबण्याच्या आगेमागे मेंदूत काय चाललं होतं, ते संशोधकांनी टप्प्याटप्प्याने वेगळं केलं. मन भटकत असताना डिफॉल्ट मोड नेटवर्क सक्रिय होतं. मोकळं मन आठवणींत आणि बेतांत रमतं तेव्हा मेंदूचे हेच भाग जागे असतात. ‘अरे, मी भरकटले’ हे ध्यानात येण्याच्या क्षणी, काय दखल घेण्याजोगं आहे हे हेरणारे भाग पुढे आले. लक्ष परत श्वासावर आणताना कपाळामागचा, हेतुपुरस्सर नियंत्रणाचा भाग कामाला लागला.

म्हणजे भरकटणं, लक्षात येणं आणि परतणं हे सगळं मिळून ध्यानाचा एक फेरा होतो. दहापर्यंत न पोचलेल्या माझ्या बैठकीत असे निदान वीस फेरे झाले असतील. मी मात्र पोचलेला आकडा मोजत होते, परतणं मोजतच नव्हते. आणि मनाने भटकावं यात विशेष काही नाही. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१० साली २,२५० प्रौढांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं, आत्ता तुमचं मन हातातल्या कामावर आहे का? जवळपास ४७ टक्के वेळा ते दुसरीकडेच होतं.

तर कौशल्य फारसं हरवत नाही. मोडते ती सवय, आणि सवय ही वेगळीच गोष्ट आहे. ती कशाला तरी टांगलेली असते: ठरावीक वेळ, ठरावीक जागा, आधीचं ठरावीक काम. नोकरीची वेळ बदलते, घरात आजारपण येतं, तान्हं बाळ येतं आणि ती खुंटीच निखळते. माझी बैठक पहाटेच्या शांततेला टांगलेली होती. घरातली पहाट शांत राहिली नाही, तशी बैठकही राहिली नाही. मी मात्र कित्येक महिने स्वतःच्या आळसाला दोष देत होते.

नवी खुंटी ठोकायला वेळ लागतो. लंडनमध्ये २०१० च्या सुमारास ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात, रोजची एखादी साधी कृती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं. मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण व्यक्तीनुसार अंदाज १८ पासून २५४ पर्यंत पसरलेले होते. एकवीस दिवसांत सवय लागते या समजुतीला त्यात आधार सापडत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: एखादा दिवस चुकला, म्हणून सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सलग किती दिवस झाले हे दाखवणारी ॲप एका चुकीवर आकडा शून्यावर आणतात, ते मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं. मेंदू असा हिशेब ठेवत नाही.

‘वेळ मिळाला की बसेन’ या ठरावाला खुंटी नसते. ‘रात्री दात घासले की खिडकीजवळच्या खुर्चीत पाच मिनिटं’ याला असते. ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा शब्दांत बांधलेले बेत नुसत्या इच्छेपेक्षा जास्त वेळा तडीस जातात, हे पेटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून पुढे आलं. पाच मिनिटं कमी वाटली तरी सुरुवातीला तेवढीच ठेवावीत. जुन्या पाऊण तासाची बरोबरी करायला गेलं की दुसऱ्याच दिवशी टाळाटाळ सुरू होते. आणि डोळे मिटल्यावर अस्वस्थता वाढत असेल, जुने आघात उसळून वर येत असतील, तर नेटाने बसून राहू नये. डोळे उघडावेत, थांबावं आणि जाणकार डॉक्टरांशी बोलावं.

तिसऱ्या आठवड्यातली एक रात्र. दात घासले, खुर्चीत बसले. एक, दोन, तीन, चार. पाचव्या श्वासाला तोच मेसेज आठवला, मैत्रिणीचं नाव आलं, वाद नुकता सुरू होत होता. सहाव्या श्वासाला लक्षात आलं. पुन्हा एक. बैठक संपल्यावर फोन घेतला आणि तिला उत्तर लिहिलं.