रक्तदाब वाढवणारे व उतरवणारे घटक

रक्तदाब म्हणजे वाहत्या रक्ताचा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब. तो मिलिमीटर पाऱ्यात मोजतात आणि दोन आकड्यांत सांगतात : हृदय आकुंचन पावतानाचा वरचा, ते सैलावल्यावरचा खालचा. बोलण्यात ‘मला बीपी आहे’ म्हणजे उच्च रक्तदाब आहे. खरे तर बीपी सगळ्यांनाच असते आणि कोणाचेच दिवसभर एका जागी थांबत नाही. स्टीव्हन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीला काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून वर चढले आणि ठोक्यागणिक खालीवर होत राहिले. हे प्रयोग १७३३ साली प्रसिद्ध झाले.

दाब ठरतो दोन गोष्टींवर. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते, आणि पुढच्या बारीक धमनिका त्याला किती अडवतात. यातली दुसरी बाजू फार नाजूक आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. त्यामुळे धमनिकांच्या भिंतीतला स्नायू जरासा आवळला तरी आकडा चढतो. थंडी, भीती, राग, वेदना, सिगारेटचा झुरका यांनी हेच घडते. श्वास रोखून जड वजन उचलताना तर वरचा आकडा काही क्षण ३०० च्या पलीकडेही गेलेला मोजला आहे. वजन खाली ठेवले की तो उतरतो.

मोजण्याची रीतही आकडा बदलते. जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधलेला, लघवी तुंबलेली, पायावर पाय टाकलेला, हात खाली लोंबता आणि वर डॉक्टरांचे चालूच, “काय म्हणताय, मुलगा काय करतो हल्ली?” यातली प्रत्येक गोष्ट आकड्यात भर घालते. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असला तर सुमारे ८ मिलिमीटर नुसत्या उंचीचेच वाढतात. दवाखान्याच्या धास्तीने चढणारा दाब वेगळाच. म्हणून पाच मिनिटे निवांत बसून, पाठ टेकवून, न बोलता मोजावे आणि एका मोजणीवर निवाडा करू नये.

घरोघरी दोष ‘टेन्शन’ला दिला जातो. तो अगदीच खोटा नाही, पण क्षणाचा चढ वेगळा आणि कायमची पातळी वेगळी. ही पातळी ठरवण्यात मूत्रपिंडाचा वाटा मोठा. दाब घसरला की मूत्रपिंड रेनिन नावाचे द्रव्य सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होऊन रक्तवाहिन्या आवळतात, मग अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) हुकमाने सोडियम आणि त्याच्यामागून पाणी शरीरात राखले जाते. मिठाचा प्रश्न येतो तो इथे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. पापड, लोणचे, फरसाण आणि खारवलेली मासळी यांतले मीठ कोणी मोजत नाही. खायच्या सोड्यातही सोडियम असते, फक्त ते खारट लागत नाही. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. उपवासाला चालते म्हणून रक्तदाबाला चालते असे नाही. ब्राझीलच्या जंगलात जवळपास बिनमिठाचे जेवणाऱ्या यानोमामी लोकांचा रक्तदाब वयाबरोबर वाढत नाही, असे आढळले आहे. पोटॅशियम उलट्या बाजूने काम करते. केळी, शहाळे, पालेभाज्या आणि कडधान्यांतून ते मिळते. मूत्रपिंड अधू असलेल्यांना मात्र तेच घातक ठरू शकते.

ज्येष्ठमधाचा तुकडा गालात धरणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसते : त्यातले ग्लिसिरायझिक आम्ल मूत्रपिंडातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवते, मग कॉर्टिसॉल हे संप्रेरकच अल्डोस्टेरॉनसारखे वागू लागते. रोज भरपूर खाल्ल्यास दाब चढतो आणि पोटॅशियम घटते. काही वेदनाशामके, नाक मोकळे करणारी औषधे, स्टेरॉइडे, गर्भनिरोधक गोळ्या, दारू, वाढलेले वजन आणि झोपेत श्वास अडकून येणारे घोरणे हेही वाढवणाऱ्यांच्याच बाजूचे. वजन किलोभर उतरले तर वरचा आकडा साधारण मिलिमीटरभर उतरतो. नियमित भरभर चालण्याने त्याहून थोडे अधिक साधते.

दाब घसरतो तो उभे राहताना सर्वांत सहज. अर्धा लिटरहून अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. मानेतल्या धमनीतले दाबग्राही, म्हणजे दाब ओळखणारी मज्जाटोके, लगेच हृदयाला हाकारतात आणि तोल सावरतो. म्हातारपणी, मधुमेहात किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांवर हे सावरणे मंदावते. तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला, तर ते उभे राहण्याने येणारे अल्परक्तदाब मानतात. कडक ऊन, गरम पाण्याची लांबलेली अंघोळ, जुलाब, रक्तस्राव यांनीही दाब उतरतो. डेंगीत वाहिन्यांतून रक्तद्रव पाझरतो आणि कोसळण्याआधी दोन्ही आकडे एकमेकांजवळ येतात. ही खूण महत्त्वाची. चक्कर आली की लिंबू-साखर-मिठाचे पाणी पुढे करतात. अंगातले पाणी गेले असेल तर ते उपयोगी, पण चक्कर दाब चढलेल्यालाही येते.

औषधांत मुंबईचा वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. १९५२ मध्ये त्या मुळीतून रेसरपीन वेगळे काढले गेले. ते मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले, वाहिन्या आवळणारे नॉरअॅड्रेनलिन रिते करते, म्हणून वाहिन्या सैलावतात. पुढे जराराका या ब्राझीलच्या सापाच्या विषातल्या घटकांवरून कॅप्टोप्रिल बनले. त्याच्या कुळातल्या, नावाअखेर ‘प्रिल’ असलेल्या गोळ्या अँजिओटेन्सिनची वाट अडवतात. त्यांनी काहींना कोरडी ढास लागते, आणि ढास लागली की घरात हमखास ज्येष्ठमधाचा तुकडा शोधला जातो.