मॅरेथॉनच्या तोंडावर नाक गळतंय: सर्दी की ॲलर्जी?

जानेवारीचा तिसरा रविवार जवळ आला की मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांमध्ये एकच काळजी ऐकू येते: शिंका येतायत, नाक गळतंय, आता पळायचं की नाही? घरात काढा उकळतो, कुणी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणतं, कुणी सराव सोडून पांघरुणात शिरतं. यातली बरीच धडपड वाया जाते. नाक गळण्यामागे सर्दी असू शकते किंवा ॲलर्जी, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

सर्दी विषाणूंमुळे होते, बहुतेक वेळा राइनोव्हायरसमुळे. ती कुणाकडून तरी आपल्याला लागते आणि आपल्याकडून पुढे जाते. लागण झाल्यावर साधारण एक ते तीन दिवसांत घसा खवखवायला लागतो, मग नाक वाहतं, अंग जड होतं, पुढे शेंबूड घट्ट आणि पिवळसर होतो. सात ते दहा दिवसांत बहुतेकांची सर्दी आटोपते. ॲलर्जीत विषाणूचा संबंधच नसतो. धूळ, बुरशी, परागकण किंवा अंथरुणातले डोळ्यांना न दिसणारे किडे, अशा एरवी निरुपद्रवी गोष्टींवर शरीर तुटून पडतं. ॲलर्जी एकाची दुसऱ्याला होत नाही आणि तिच्यामुळे ताप येत नाही.

ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे खाज. डोळे, नाक, टाळू खाजत असतील, एकामागोमाग शिंका येत असतील आणि नाकातून पाण्यासारखं पातळ वाहत असेल, तर संशय ॲलर्जीवर घ्यावा. वेळही पाहावी. सकाळी उठल्याउठल्या शिंकांचा सपाटा आणि दुपारपर्यंत सगळं शांत, असं सर्दीत सहसा होत नाही. डिसेंबरात माळ्यावरच्या गोधड्या आणि स्वेटर खाली उतरतात, शहरात बांधकामांची धूळ हवेत तरंगत असते, आणि नेमका तेव्हाच लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव रंगात आलेला असतो. दरवर्षी याच दिवसांत ‘सर्दी’ होणाऱ्यांनी हे जरूर तपासून पाहावं.

खेळाडूंच्या बाबतीत ही गल्लत फार होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्रायथलॉन खेळाडू आणि व्यायाम न करणारे यांच्यावर काही महिने लक्ष ठेवलं होतं. सर्दीसारखी लक्षणं ३७ वेळा दिसली, पण जंतू सापडले फक्त ११ वेळा. बाकीचं सगळं ॲलर्जीच होती असं यावरून म्हणता येत नाही. जोराच्या श्वासानं कोरडी पडलेली श्वासनलिकाही तशीच कुरकुरते. तरी गळणारं प्रत्येक नाक म्हणजे संसर्ग नव्हे, एवढं यातून नक्की कळतं.

सर्दी टाळायची असेल तर माझ्या मते पहिला मान झोपेचा. २०१५ च्या एका प्रयोगात १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. गुळण्यांनाही आधार आहे: जपानमधल्या चाचणीत नुसत्या साध्या पाण्याच्या गुळण्यांनी श्वसनमार्गाचे संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने घटले. व्हिटॅमिन सी सर्वसामान्यांची सर्दी रोखत नाही, पण मॅरेथॉनपटू, स्कीपटू आणि कडाक्याच्या थंडीतले सैनिक अशा ५९८ जणांवरच्या पाच चाचण्यांत सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. ते आधीपासून रोज घ्यावं लागतं. घसा धरल्यावर सुरू करून उपयोग नाही. शेवटच्या आठवड्यात हात धुणं आणि शिंकणाऱ्या माणसांपासून लांब राहणं ओघानं आलंच, मग ते घरचे का असेनात.

ॲलर्जीवर यातलं काहीच फारसं चालत नाही. तिथे पांघरुणं कडक गरम पाण्यात धुवावीत, धुळीच्या रस्त्यावरचा सराव टाळावा, पळून आल्यावर सलाइननं, म्हणजे मिठाच्या निर्जंतुक पाण्यानं, नाक धुवावं. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे दिला, तर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून शर्यतीच्या आदल्या रात्री नव्हे, महिनाभर आधी दवाखाना गाठावा.

राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्यांनी उत्तेजकबंदीच्या नियमांमुळे औषधांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं. ॲलर्जीवरचं सेटिरिझिन आणि ठरलेल्या मात्रेतले नाकातले स्टेरॉइड स्प्रे चालतात. स्टेरॉइडच्या पोटात घ्यायच्या गोळ्या स्पर्धेदरम्यान बंद आहेत. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांमधलं स्यूडोइफेड्रिन लघवीत दर मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सापडलं, तर ते उत्तेजक ठरतं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाची जिम्नॅस्ट आंद्रेया रादुकान हिनं सर्वांगीण प्रकारातलं वैयक्तिक सुवर्णपदक याच द्रव्यामुळे गमावलं. संघाच्या डॉक्टरनं सर्दीसाठी दिलेली गोळी तिनं घेतली होती.

ॲलर्जी असलेल्यालाही सर्दी होते, दोन्ही एकदम येतात, आणि शर्यतीच्या सकाळी नक्की काय ते कळेलच असं नाही. नुसतं नाक गळत असेल आणि खाज असेल, तर हळू सुरुवात करून पाहायला हरकत नाही. कणकण, ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असेल तर मात्र पळू नये. विषाणूसंसर्गात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा वेळी ४२ किलोमीटर पळणं जिवावर बेतू शकतं. नोंदणीचे पैसे गेले तरी चालतील, त्या दिवशी घरी थांबावं.